कोल्हा चालला, चालला...

ऋतिकाच्या गोष्टीला शेवटच नव्हता, आणि शनिवारी दुपारी ती लॅपटॉपवरून केनियातल्या मुलांना सांगायची होती. शाळेतल्या प्राची मॅडमनी दोन्हीकडच्या मुलांना आपापल्या घरातली लोककथा आणायला सांगितलेलं. ऋतिकाची गोष्ट तिच्या आजोबांची, धाकूंची: ओहोटीला खाडी कुठं जाते ते बघायला एक कोल्हा पाण्यामागं निघतो. कोल्हा चालू लागला की ऋतिकाला झोप लागायची. आता आजोबाच नव्हते. तो शेवट एकदा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावा म्हणून तिचा जीव तुटत होता.

"पप्पा, कोल्ह्याचं पुढे काय होतं?"

"मला काय विचारतेस? मी तर खाडी यायच्या आधीच झोपलेलो असायचो," सुदेश म्हणाला.

माजिवड्याची जयाआत्या फोनवर ओरडली, "अगं, त्यात कोल्हा होता हे मला आत्ता कळतंय!"

राहिली रखमाबाई आजी. "माना काय ठावं? हुं, हुं म्हनता म्हनता मीच निजाची."

घ्या! अख्खं घर झोपाळू.

शनिवारी ऋतिकाने इंग्रजीत पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली. समोर रांगेने तोंडं, पण हूं नाही की चूं नाही. मॅडमनी सगळ्यांचे माईक बंद ठेवलेले. मॅडमना वाटलं, नेट गेलं. सुदेशने राउटर बंद करून चालू केला. ऋतिका पुन्हा एका वाक्यावर अडली. मग तो स्टुलावर चढून वायरी हलवू लागला.

"अगं, बोल ना पुढे!" तो वरूनच ओरडला.

"कसं बोलू? कोणी हुं म्हणतच नाहीये! ऐकणाऱ्याने हुं म्हटल्याशिवाय आजोबा कधी पुढे गेलेत का?"

मॅडमनी सगळे माईक उघडले आणि सगळ्यांना हुं म्हणायला सांगितलं. झालं! इथल्या कोलशेतपासून केनियापर्यंत हुंकारांचा नुसता गोंगाट, त्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मागे कॉटवर बसलेल्या आजीला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिचा हुं बरोबर जागेवर पडत होता.

कोल्हा निघाला. शेवट नव्हता म्हणून ऋतिका त्याला चालवतच राहिली. मिठागरं ओलांडून, कांदळवन ओलांडून कोल्हा चालला, चालला... मागचा हुं बारीक झाला, मग थांबला. तिने वळून पाहिलं. आजी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

ऋतिकाने उठून तिच्या अंगावर चादर ओढली, आणि तिथंच थबकली. रोज रात्री आजोबा हेच करत असणार, आणि आपण ते एकदाही पाहिलं नाही.

"मग कोल्ह्याचं काय झालं?" केनियातल्या एका मुलीने विचारलं.

"हळू बोल," ऋतिका म्हणाली. "आजी झोपली. आमच्यात गोष्ट इथंच संपते."