पंचविसाव्या उन्हाळ्याचा बिल्ला

सहाव्या दिवशीही पाऊस थांबेना, तेव्हा दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून ओटोकार वेसेली मोझरबाईंच्या पाहुणेघरातल्या जुन्या नोंदवह्या चाळायला बसले. तिथेच सगळं बिनसलं.

वह्या बाईंनी दिवाणखान्यात मुद्दाम मांडून ठेवल्या होत्या. संध्याकाळी तिथेच वेसेली नवराबायकोचा सत्कार होता. आमच्या शाटन तळ्यावर पंचवीस उन्हाळे काढणाऱ्या पाहुण्याला सरपंच स्वतः सोनेरी बिल्ला लावतात. बँड वाजतो. त्या बँडातला सगळ्यात मोठा कर्णा मी फुंकतो, म्हणून मला ही हकीकत ठाऊक. बाकी सुट्टीला लोक इथे का येतात, हे खरं सांगायचं तर आम्हालाही कळलेलं नाही. चारी बाजूंनी डोंगर, ऊन दुपारी तासभर, आणि पाणी इतकं गार की बदकंसुद्धा काठावर बसून विचार करतात.

ओटोकार व्हिएन्नात ट्रामचे तिकीट तपासनीस होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बघून एकाही माणसाला आनंद झाला नव्हता. त्यामुळे त्या बिल्ल्यावर त्यांचा भारी जीव. त्यांच्या बायकोचा, हर्मिनेबाईंचा जीव मात्र समुद्रात अडकला होता. एकाहत्तर वर्षांच्या झाल्या, पण समुद्र पाहिला नव्हता. "पंचवीस पुरी होऊ देत, पुढचा उन्हाळा समुद्रावर," असं नवऱ्याने कबूल केलं होतं. बाईंनी इटलीतल्या किनाऱ्यावर खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"हर्मिने, इकडे ये जरा. हे अकरावं वर्ष बघ."

"काय झालं?"

"माझा मुतखडा. पाचव्या दिवशी मला इथून उचलून घरी नेलं होतं. चारच रात्री राहिलो आपण. आणि नियम सात रात्रींचा आहे. म्हणजे आपली चोवीसच वर्षं झाली."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मिट ती वही. कुणी बघितलेलं नाही."

"मी बघितलं ना!"

"अरे, तू आता तपासनीस नाहीस!"

"फुकट्या माणसांना जन्मभर दंड केला मी. आता स्वतःच फुकट बिल्ला लावू? पुढच्या वर्षी येऊ आणि हक्काने घेऊ."

"पुढच्या वर्षी समुद्र!"

"समुद्र कुठे पळून चाललाय?"

"समुद्र नाही रे चालला, मी चाललेय! वय बघ माझं!"

ओटोकार गप्प बसले. ते गप्प बसले की काहीतरी ठरवतात, हे बाईंना पाठ होतं. नवरा जेवायला उठल्याबरोबर त्यांनी ती वही उचलली आणि मोझरबाईंच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात खुपसली.

चार वाजता मोझरबाईंनी आकांत मांडला. "माझ्या सासूबाईंच्या हातची वही! चोर शिरला घरात!" त्यांनी सरपंचांना फोन लावला. सरपंच माणूस कामाचा. ते म्हणाले, "रडू नका, आमच्या कचेरीत सगळ्याची नक्कल असते." आणि सत्काराला येताना ती नक्कल काखेत मारून घेऊन आले.

आम्ही भिजत आलो. माझ्या कर्ण्यात अर्धा लिटर पाणी होतं. पहिली धून संपली, सरपंचांनी बिल्ल्यांची डबी उघडली, आणि ओटोकार उभे राहिले.

"थांबा. तुमच्या त्या नकलेत अकरावं वर्ष काढा."

सरपंचांनी काढलं, वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! चारच रात्री. आता हो काय करायचं?"

"पुढच्या वर्षी," ओटोकार घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

तेवढ्यात हर्मिनेबाई ताडकन उठल्या. "कसल्या चार रात्री? इस्पितळात हा माणूस कळवळत होता आणि विचारत काय होता माहीत आहे? तळ्यावर आज धुकं आहे का! मी रोज त्याच्या उशाशी बसून सांगायची, आता होडी सुटली, आता देवळाची घंटा झाली. आम्ही दोघं डोळे मिटून इथेच होतो. हे तळं नसतं तर मी एकटी पडले असते हो! त्या रात्री मोजणार नसाल, तर बाकीच्याही मोजू नका!"

यातलं अक्षरही खरं नव्हतं, हे बाईंनीच मागाहून मला सांगितलं. इस्पितळात ओटोकार औषधाच्या गुंगीत होते, त्यांना काही आठवत नव्हतं, आणि ते फक्त "आई गं" म्हणत होते. पण मोझरबाई हमसून रडल्या, ढोलवालाही रडला.

सरपंचांनी बिल्ले लावले. आधी ओटोकारना, मग बाईंना. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग सरपंचांनी डोळे पुसले.

"या गावावर एवढी माया कुणी केली नव्हती. मी आत्ता, सगळ्यांच्या साक्षीने जाहीर करतो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं पंधरा दिवस गावाचे पाहुणे! खोली अगदी पाण्याला लागून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्मिनेबाई मटकन खाली बसल्या. ओटोकारनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मी शेजारीच उभा होतो, म्हणून ऐकू आलं.

"वेडे, एवढा जीव आहे तुझा या तळ्यावर? मला वाटायचं, तू माझ्यासाठी येतेस. मग ते समुद्राचं काय काढलं होतंस? माझं मन राखायला?"

पंचवीस उन्हाळ्यांत ओटोकारना इतकं आनंदात कुणी पाहिलं नव्हतं. हर्मिनेबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या.