भिमाबाईची हजेरी

दिवाणी अपिलात खऱ्या-खोट्यापेक्षा हजेरीला मान जास्त, आणि ते योग्यच आहे. खरं काय ते शोधायला वर्षं जातात. माणूस आलाय की नाही, हे मात्र शिपायानं दारात उभं राहून तीनदा नाव पुकारलं की कळतं. म्हणून अपील करणारा आला नाही तर अपील काढून टाकावं, असा कायदा आहे. त्यात सर्वांचा वेळ वाचतो. (अपील करणाऱ्याचा तर उरलेला सगळाच.)

ईट गावाजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या भिमाबाईची या कायद्याबद्दल काही तक्रार नव्हती. तिचं भांडण अठरा गुंठ्यांच्या पट्टीचं. नवरा मच्छिंद्र हयात असताना त्यानं त्या पट्टीतले दगड वेचून कडेला बांध रचला होता. तो वारल्यावर शेजारच्या बंडप्पानं बांध ओलांडून नांगर घातला, आणि बांध आपल्या आज्यानं रचलाय असं कोर्टात सांगितलं. खालच्या कोर्टाला आजा पटला. भिमाबाईनं वर अपील केलं.

वकील म्हणाले, "बांध जाग्यावर आहे ना? मग पाहणी मागू. केव्हा रचलाय ते दगडच सांगतील."

पाच वर्षांत सोळा तारखा पडल्या. सोळाही तारखांना भिमाबाई हजर होती. सोळाही वेळा अपील चाललं नाही. (न्यायाधीश रजेवर: पाच वेळा. न्यायाधीशांची बदली: तीन. बंडप्पाचे वकील आजारी: सहा. कागद सापडेनात: दोन.) सतरावी तारीख पडली फेब्रुवारी त्र्याहत्तरची.

तोवर दुष्काळ पडला होता आणि सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं. रस्ता कुठून न्यावा यावर ओव्हरसियरनं पुष्कळ विचार केला. ज्या जमिनीला मालक असतो, तिथं मालक हरकत घेतो. म्हणून त्यानं कोर्टात अडकलेली पट्टी निवडली. बंडप्पानं ती लोकांच्या भल्यासाठी लेखी देऊन टाकली आणि चावडीवर त्याच्या गळ्यात हार पडला. खडीसाठी दगड लांबून आणायची गरज नव्हती. बांध होताच.

भिमाबाईचं नाव त्याच कामाच्या हजेरीपटावर होतं. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, त्यात दोन नातवंडांचं पोट भागायचं. बांधाचे दगड फोडायला पुढ्यात आले तेव्हा त्यातला एक तिनं ओळखला. त्याच्या कडेला पहारीचा घाव होता. तो दगड उपटताना मच्छिंद्रच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. तिनं तो बाजूला ठेवला.

मुकादम भीमाशंकरनं विचारलं, "मावशी, त्यो का ठिवला?"

"कोर्टात दावायचाय."

"न्या की. पर ढीग मापात कमी भरला तर हजेरी अर्धीच लागंल."

भिमाबाईनं जरा वेळ दगडावर हात ठेवला. मग फोडला.

तारखेच्या आदल्या दिवशी ती पुन्हा भीमाशंकरकडं गेली. "उद्या कोर्टाची पेशी हाय, दादा. एक दिस सोडा."

"जावा की. पर नाव कटंल. परत लावाया तहसीलची चिठ्ठी लागती."

"चिठ्ठी कवा मिळंल?"

"पाऊस पडल्यावर."

भिमाबाई गेली नाही. तिचे वकील लातूरला एका लग्नात होते. त्या दिवशी न्यायाधीश वेळेवर आले, बंडप्पाचे वकील ठणठणीत होते आणि कागद पहिल्या हाताला सापडले. तीनदा पुकारा झाला, अपील काढून टाकलं. एकूण वेळ दीड मिनिट.

अपील पुन्हा दाखल करून घ्या, असा अर्ज करता येतो. त्याला सबळ कारण लागतं. भीमाशंकर माणूस वाईट नव्हता. त्यानं ओव्हरसियरसाहेबांच्या पाया पडून हजेरीपटाचा उतारा शिक्क्यासकट मिळवून दिला. काम बंद झालं होतं, म्हणून अर्जाच्या तारखेला भिमाबाई गेली.

न्यायाधीशांनी उतारा दोनदा वाचला. अपील करणारी बाई त्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वादातल्या पट्टीवर हजर होती, असं सरकारी कागद सांगत होता.

"बंडप्पा तुम्हाला पट्टीवर पाय ठेवू देत नाही, ही तुमची तक्रार," ते म्हणाले. "आणि तुम्ही तर दिवसभर तिथंच होता."

भिमाबाईनं हात जोडले. "मंग पट्टी माझी झाली का, साहेब?"

"तो प्रश्न या अर्जात नाही."

अर्ज नामंजूर झाला. बाहेर लिंबाखाली वकील म्हणाले, "धीर सोडू नका. अजून वर जाता येईल. बांध आहे ना तसाच?"

"हाय की," भिमाबाई म्हणाली. "रस्त्याखाली हाय. म्याच फोडून अंथरलाय."

वकिलांनी घड्याळ पाहिलं.

पुढं त्यावर डांबर आलं. परंड्याकडं जाणारी एस.टी. दिवसातून चारदा तिथून जाते. त्या निकालाला धरून चालायचं, तर जो पट्टीवर हजर त्याचाच ताबा. तुम्हीही कधी त्या गाडीत बसला असाल, खिडकीला डोकं टेकून डुलकी काढली असेल. भिमाबाईनं नवा दावा लावायचा म्हटला, तर जाबदारांमध्ये तुमचंही नाव येईल. घाबरू नका. जाबदार गैरहजर राहिला तरी चालतं.