सयाजीरावांचे अकरा सेकंद

कॉलर माइक घ्यायचा हा निर्णय तसा किरकोळ होता. (कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि हात थरथरला तरी चित्र थरथरू न देणारी ती दांडी घरात आधीच होती. हात थरथरायचं वय झालंय, हे क्रांतीचं, म्हणजे आमच्या मंडळींचं मत.) कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून मी रिटायर झालो आणि प्रवासाचे व्हिडिओ करायला लागलो. माझे एकूण बघणारे बेचाळीस. त्यातले निम्मे स्टोअरमधलेच.

माइक नखाएवढा. पदराला लावला की दीडशे मीटरवरचं बोलणं कॅमेऱ्यात येतं, असं खोक्यावर लिहिलं होतं. ते खरं की खोटं बघायला मी गगनबावड्याचा बेत काढला.

"आक्काला घिऊया संगं," क्रांती म्हणाली. "दाजी गेल्यापास्नं उंबरा वलांडला न्हाय तिनं."

आक्का म्हणजे क्रांतीची थोरली बहीण, मुरगूडची चिमणाबाई. तिचे यजमान सयाजीराव, माझे साडू, चैत्रात गेले. म्हशीची धार काढून कट्ट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

घाटात पोचलो तर सगळीकडे धुकं. मी क्रांतीच्या पदराला माइक लावला, हेडफोन कानात घातले आणि ऑर्डर सोडली, "पंधरा पावलं फुडं जावा. माघारी बघू नगा."

दोघी आठव्या पावलालाच दिसेनाशा झाल्या. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. मी फोकस शोधत बसलो, आणि कानात आक्का बोलायला लागली.

"क्रांते, त्येंचा चेहरा डोळ्याम्होरं येतोय, पर आवाज येत न्हाय गं. घरात फोटू हायेत. आवाज कुठनं आणू? हाक कशी मारायचे, तेबी आठवंना झालंय."

मी आवाज आणखी थोडा वाढवला.

"माझं उलटं हुणार बघ," क्रांती म्हणाली. "उद्या मी गेले तर ह्येंच्याकडं माझे ढीगभर व्हिडिओ असतील. सगळ्यात माझी पाठ."

सभ्य माणसाने तेव्हाच हेडफोन काढले असते. मला मात्र आठवलं की गेल्या वर्षी मुरगूडच्या जत्रेत मी दिवसभर शूटिंग केलं होतं. मी धुक्यात पळत सुटलो आणि ओरडलो, "आक्का! आवाज हाय! हितं हाय आवाज!"

आक्का मटकन खाली बसली. "अवो... तुमी?"

"मी बाळासो."

"व्हय व्हय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं होतं, ते विझताना मी अगदी जवळून बघितलं. कॅमेरा बंद होता.

क्रांतीने माझ्या कानांकडे बघितलं, मग आपल्या पदराकडे. माइक काढून माझ्या तळहातावर ठेवला. परतीच्या वाटेवर ती मागं आक्काजवळ बसली.

घरी आल्यावर जत्रेचे व्हिडिओ उघडले. आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर तेव्हा नवीनच घेतलं होतं. त्यातून मी म्हशी, मिक्सर, कुत्री आणि सयाजीराव असे सगळे आवाज पुसून टाकले होते. (माणूस बोलायचा मोठ्यानं, आणि दर शॉटमध्ये.) मूळ फायली जागा नाही म्हणून उडवल्या होत्या. पडद्यावर सयाजीराव हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि त्यावर मी घातलेली बासरी वाजत होती.

"घावलं का?" आक्काचा रोज सकाळी फोन.

"बघतोय, आक्का."

पाचव्या दिवशी जुन्या मेमरी कार्डावर एक न पुसलेला तुकडा सापडला. कॅमेरा चुकून चालू राहिला होता. चित्रात फरशी आणि माझे अनवाणी पाय. अकरा सेकंद. मी आणि क्रांतीने ऐकलं.

"ह्ये न्ह्यावं असं वाटत न्हाय मला," मी म्हणालो.

"न्ह्यायाचं," क्रांती म्हणाली.

मुरगूडला आक्का फोन कानाला लावून बसली. सयाजीरावांचा खणखणीत आवाज आला : "चिमणेऽ! ताटं झाक! मशीन घिऊन आलंय बघ ते येडं. आता रस्सा गार झाल्याबिगर कुणाला जेवू द्याचं न्हाय!"

आक्का हसली. पदर तोंडात कोंबून हसली. मग हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले आणि क्रांती तिच्याजवळ सरकली.

"चिमणे म्हणायचे," ती म्हणाली. "परत लावा, पावणं."

मी परत लावलं. दुपारपर्यंत लावत होतो.

निघताना तिने ते फोनची घंटी म्हणून लावून मागितलं. तेही मीच करून दिलं, आवाज पूर्ण वाढवून. आता तिला कुणाचाही फोन आला की पडद्यावर माझे पाय दिसतात आणि सयाजीराव गल्लीभर ऐकू जातात. त्यांचं बोलून संपेपर्यंत ती फोन उचलत नाही.

परवा मुरगूडच्या बाजारात वांगी निवडत होतो. भाजीवाल्या बाईने मला वरून खाली निरखलं. माझा चेहरा नव्हे, पाय बघितले.

"पावणं," ती म्हणाली, "चिमणाबाईच्या फोनातलं येडं ते तुमीच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो, आणि अर्धा किलो वांगी घेतली.