शेवंताचा शर्ट

शर्टांचे गठ्ठे फुटले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि दहाला पुण्याहून मोठ्या कंपनीच्या मॅडम कारखाना बघायला येणार होत्या. कारेगावच्या त्या वायरिंगच्या कारखान्यात सगळे रांगेत उभे होते. प्रत्येकाला नवा शर्ट, खिशावर दोऱ्यानं भरलेलं नाव. पहिला शर्ट बबनरावांना मिळाला. बबनरावांचं वजन एकशेदहा किलो. त्यांनी शर्ट अंगाला लावला तर तो छातीवरच संपला.

"आवं ताई, ह्यो माझ्या नातवाचा दिला का काय?"

पाठोपाठ दौंडचा काडीसारखा भारत शर्टात शिरला आणि दिसेनासा झाला.

वाटप करणारी ज्ञानेश्वरी हातातली यादी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. वडगाव रासाईची ही मुलगी तीन आठवड्यांपूर्वीच ऑफिसात लागली होती. मुलाखतीत "एक्सेल येतं?" असं विचारल्यावर ती "येतं की" म्हणाली होती. उघडता येत होतं, बंद करता येत होतं. मधलं काही कुणी विचारलं नव्हतं. मग साहेबांनी नावांची आणि मापांची यादी दिली. "नावं नीट क्रमानं लावून शिंप्याला पाठव." तिनं नावांचा रकाना निवडून बटण दाबलं. संगणकानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाजूच्या रकान्यालाही सोबत हलवू का, असं असावं. दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडा, असा विचार करून तिनं नको म्हटलं. नावं क्रमानं लागली. मापं जिथल्या तिथं राहिली.

"ही यादी कुणी बघितली न्हाई?" रविराज साहेब ओरडले आणि त्यांनी यादी उलटली. खाली त्यांचीच सही होती. त्यांचा आवाज लगेच खाली आला. "ज्याला जो बसतोय त्यानं तो घाला. आजच्या दिवस खिशावर जे नाव, तेच तुमचं नाव."

दहाला मॅडम आल्या आणि नेमक्या भारतपाशी थांबल्या. पोरगा वायरींचे जोड असे भराभर बसवत होता, की बोटं दिसत नव्हती. मॅडमनी खिसा वाचला, मग मिशी बघितली.

"शेवंता?"

"व्हय म्याडम. आमच्यात पोरं जगत नव्हती. म्हून पोरीचं नाव ठिवलं."

मॅडम हळहळल्या. पुढं बबनराव होते. खिशावर 'पूनम'.

"तुमचंही तसंच का?"

"न्हाई, मी पुनवंचा हाय."

साहेबांना खोकला आला. ज्ञानेश्वरी खांबामागं उभी राहून मनात राजीनामा लिहीत होती. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा, तेही तिला कळत नव्हतं.

राजीनामा द्यावा लागला नाही, पण तिसऱ्या दिवशी मॅडमचा मेल आला. 'शेवंता यांचं काम अप्रतिम. वीस दिवसांनी पुण्यात मोठ्या साहेबांच्या हस्ते सत्कार, मी तेव्हा परगावी असेन. ओळखपत्र घेऊन यावं, जोडणीचं प्रात्यक्षिक दाखवावं.'

साहेबांनी भारतला आणि पॅकिंगमधल्या खऱ्या शेवंताबाईंना बोलावलं. शेवंताबाई पन्नाशीच्या, कवठे येमाईच्या.

"मी जातो, पर आधारकार्डावर भारत हाय," भारत म्हणाला.

"मग चूक झाली म्हणून कळवू," साहेब कुरकुरले.

"कळवायचं कशाला?" शेवंताबाई म्हणाल्या. "नाव माझं आलंय, मी जाणार."

"आवं मावशी, तिथं जोडून दाखवाय लागंल."

"मग शिकीव की. वीस दिस हायत."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. शेवंताबाईंना कसली लाजच नव्हती. "ही निळी कुठं गेली? परत दाव," असं त्या एकाच जोडासाठी सात-सात वेळा म्हणत. पहिला आठवडा भारत डोकं धरून बसला. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ लावलं, तर मावशी त्याच्याही पुढं. पुण्याहून त्या शाल आणि नारळ घेऊन आल्या आणि पॅकिंगला परत न जाता थेट भारतशेजारी जाऊन बसल्या. साहेबांची त्यांना उठवायची छाती झाली नाही.

हे सगळं बघून ज्ञानेश्वरीला धीर आला. तिनं खुर्ची ओढली आणि शेजारच्या टेबलावरच्या अक्षदाकडं गेली. अक्षदा ऑफिसात दोन वर्षं जुनी, बाकी सगळ्या याद्या तिच्याच हातच्या, कधी एक चूक नाही.

"ताई, खरं सांगते. मला एक्सेल येत नाही. यादी क्रमानं लावायचं बटण कसं वापरायचं, पहिल्यापासून दाखवता का?"

अक्षदानं दाराकडं बघितलं, साहेबांच्या केबिनकडं बघितलं, मग तिच्या कानाशी वाकली.

"त्याला बटण असतंय व्हय? मी तर एकेक नाव कापून चिकटवते गं."