पूर्ण वाक्यातच लिहावे

पंधरा दिवसांत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला वळण लावून दाखवीन, असे देवाजी गुरुजींनी आरमोरीच्या बाजारात चारचौघांत सांगितले होते. छत्तीस वर्षे शाळा शिकवलेल्या माणसाला दोनशे अकरा सभासदांचे काय ते भय! ते ॲडमिन झाले आणि त्याच दिवशी नियम लागू झाले. गुलाबाचे फूल, वाफाळता चहा, नुसता अंगठा बंद. लिहायचे ते पूर्ण वाक्यात. कुठे, कधी, कोणी यांसह. तीन चुका झाल्या की सभासद बाहेर.

ग्रुप खरोखरच सुधारला. म्हणजे ओस पडला.

मोहफुलांचे दिवस होते. गुरुजींच्या पत्नी मनकर्णाबाई उजाडण्याआधीच टोपली घेऊन जंगलात गेल्या होत्या. सहा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर झिंगूचा संदेश आला : 'वाघ'.

झिंगू हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप. संदेशात ना क्रियापद, ना ठिकाण. आदल्याच आठवड्यात कुणीतरी तीन वर्षांपूर्वीच्या वाघाचा व्हिडिओ टाकून बायांना दोन दिवस घरी बसवले होते. शिवाय रोज सकाळी फूल टाकण्याच्या दोन चुका झिंगूच्या नावावर जमाच होत्या. गुरुजींनी संदेश पुसला, 'पूर्ण वाक्यातच लिहावे' अशी समज दिली, झिंगूला बाहेर काढले आणि समाधानाने चहा ठेवला.

वीस मिनिटांनी त्यांच्या खाजगी क्रमांकावर मजकूर उतरला.

'प्रति, मा. ॲडमिन साहेब. विषय : ग्रुपमध्ये परत घेणेबाबत व वाघाबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी नाल्याकाठच्या मोहाच्या झाडावर बसलो आहे. वाघ सकाळी सहापासून झाडाखाली बसला आहे. आवाज होईल म्हणून फोन लावता येत नाही. मनकर्णाकाकू माझ्या वरच्या फांदीवर आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. आपला नम्र, झिंगू.'

अर्जात एकही चूक नव्हती. गुरुजी अनवाणी धावले.

अर्धा गाव डबे बडवत नाल्यावर पोचला, तोवर वाघ कंटाळून निघून गेला होता. वेचलेल्या मोहफुलांवर तो ऐसपैस बसल्याची खूण तेवढी उरली होती.

"एका हातानं फांदी धरून, एका हातानं लिहून राह्यला होता झिंगू," खाली उतरून मनकर्णाबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, वाक्य पुरं कर बापा, नाई तं मास्तर वाचत नाईत."

परतताना गुरुजींनी झिंगूला हळूच विचारले, रोज ते फूल कशासाठी टाकत होतास?

"जंगलातून घरी पोचलो का टाकतो, गुरुजी. माय मंग शेतात निवांत राह्यते. सारेच टाकते. तुमाले ठाऊक नाई?"

गुरुजींना ठाऊक नव्हते. आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या माणसाने हा एवढा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ग्रुपवर गुलाब उमलला. मनकर्णाबाई जंगलातून स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. गुरुजी ओसरीवर होते. त्यांनी उत्तरादाखल एक पूर्ण वाक्य जुळवायला घेतले, दोनदा खोडले आणि शेवटी नुसता अंगठा टाकला.

नियमाप्रमाणे ही त्यांची पहिली चूक होती.