नील्स ओडेनबर्ग कोणाला द्यायचा

गुरुदास कुबलला त्या दिवशी सहाच्या आत मालवणात घरी पोचायचं होतं, आणि नेमकं चार वाजता साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"कुबल, गेल्या वर्षी वाटलेल्या काजू कलमांपैकी किती जगली, ती माहिती आज मुंबईला गेलीच पाहिजे."

"सर, उद्या सकाळी आल्याबरोबर करतो."

"आज," साहेब म्हणाले आणि समोरच्या फायलीत डोकं घालून बसले.

घरी जायची घाई कशाला, हे साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. आईस हॉकीसाठी लवकर सोडा, असं ओरोसच्या कृषी कचेरीत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. खुद्द गुरुदासने तरी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला. पण त्याची बायको वर्षाली, तिचा भाऊ निकेत टोरांटोला नोकरीला होता, आणि त्याने आपल्या मित्रांना जमवून इंटरनेटवर एक खेळ सुरू केला होता. बारा माणसं, बारा संघ. प्रत्येकाने खरे खेळाडू आपल्या नावावर लावून घ्यायचे. त्यांनी खऱ्या सामन्यांत गोल केले की गुण मालकाला. खेळाडूंची आपापसात अदलाबदल करायची. हंगामाच्या शेवटी जो बारावा येईल त्याने बाहेर पडायचं आणि त्याचा संघ जसाच्या तसा नव्या माणसाच्या हवाली करायचा. २००५ साली असाच एकजण बाहेर पडला, बदली कोणी मिळेना, तेव्हा निकेतने जागा भरायची म्हणून भावोजींचं नाव घातलं.

भावोजींनी ते मनावर घेतलं. आज तरतरीत दिसणारं कलम तीन वर्षांनी कुठे असेल हे सांगण्यात गुरुदासची नोकरीची वीस वर्षं गेली होती. तीच नजर त्याने सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर लावली. कुठल्या कुठल्या गावांतली पोरं त्याने वहीत उतरवली, उंची, वजन, डावखुरा की उजवा, बाप खेळलेला की नाही. हळूहळू कॅनडातली माणसं त्याला विचारू लागली, हा मुलगा घेऊ का, त्याच्या बदल्यात काय द्यावं. कचेरीत गुरुदासला कोणी काही विचारलंच तर स्टेपलर कुठे आहे एवढंच विचारत.

नील्स ओडेनबर्ग हे त्याचं सगळ्यात मोठं यश. स्वीडनमधल्या एका लहानशा गावचा हा पोरगा सोळा वर्षांचा असताना गुरुदासने हेरला होता, तेव्हा त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. आता त्याला अठरा पूर्ण झाली होती आणि सगळे त्याच्यावर टपले होते. अडचण एवढीच की नील्स अजून मोठ्या सामन्यांत उतरलाच नव्हता. त्याची किंमत होती ती पुढची. आत्ताचे त्याचे गुण शून्य. गुरुदासचा सगळा संघच असा, तीन वर्षांनी मोठं नाव काढणाऱ्या पोरांचा. त्यामुळे यंदा, म्हणजे २००८ च्या फेब्रुवारीअखेर, तो बाराव्या जागेवर होता.

अदलाबदलीचा तो शेवटचा दिवस होता. मुदत टोरांटोच्या सकाळी आठपर्यंत, म्हणजे इकडच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत.

"नील्सक देवन खेळणारे घेवा," वर्षालीने सकाळीच सांगितलं होतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि हिशेबी बोलायची. "नायतर तुमी बाहेर जातल्यात, आणि तुमी गेल्यात की नील्सय जातलो."

"अकरावो घसरात," गुरुदास म्हणाला. "नऊच गुणांचो फरक आसा."

अकरावा घसरेल असं त्यालाही वाटत नव्हतं. पण नील्सला विकणं त्याच्याने होईना.

कलमांची माहिती पाठवून तो सुटला तेव्हा सव्वापाच झाले होते. मालवणची एसटी मिळाली. कसाल सोडून गाडी जरा पुढे गेली आणि खाली काहीतरी खडखडलं. ड्रायव्हर उतरला, पाठोपाठ कंडक्टर, आणि दोघंही गाडीखाली वाकून बघू लागले. गुरुदासने घरी फोन लावला.

"वर्षाली, कॉम्प्युटर लाव. कोण काय मागीत, सगळ्यांका नाय म्हण. कळला? सगळ्यांका..."

तेवढ्यात मोबाइल बंद पडला. बॅटरी सकाळपासूनच उतरलेली होती.

घरी वर्षालीने कॉम्प्युटर लावला. शेजारी गुरुदासची आई राधाबाई चिंच फोडत बसली होती. अडुसष्ट वर्षांची. मालवणच्या बाजारात तिने चाळीस वर्षं मासे विकले, आणि नवरा होता तोवर त्याच्या होडीवर खलाशी कोण घ्यायचा हेही तीच ठरवायची. गुडघे गेल्यापासून घरात होती. दोन वर्षांत तिच्याशी कोणी घासाघीस केली नव्हती.

पडद्यावर ग्रेग नावाच्या माणसाचा निरोप आला.

"काय म्हणता गो तो?" राधाबाईने विचारलं.

"कायेक नाय, आये. नील्सक मागता."

"देता काय?"

"दोन खेळगडी. पण हेंनी नाय म्हणाक सांगल्यानी."

"आणि तू काय लिवतलंस?"

"नाय म्हणान."

राधाबाईने चिंचेचं ताट बाजूला सारलं. "नुसता नाय म्हटला की गिरायक उठान जाता गो. नाय असा म्हणाचा, की तो थंयच बसान रवात. लिव, दोनात जमाचा नाय."

नाहीतरी नकारच कळवायचा होता, म्हणून वर्षालीने तसं लिहिलं. दोन मिनिटांत ग्रेगने तिसरा खेळाडू टाकला. वर्षालीने सासूकडे पाहिलं.

"आता काय लिवू?"

"आता कायेक लिवू नको. चाय ठेव."

वर्षाली चहा घेऊन परत आली तोवर ग्रेगने एकापाठोपाठ चार निरोप पाठवले होते. आहात का? तिसऱ्याऐवजी दुसरा चालेल का? बरं, चौथा घ्या. आहात ना? चौथ्याचं नाव वाचून वर्षालीने चहा तसाच बाजूला ठेवला. गुरुदास ज्याचं नाव आदराने घ्यायचा असा खेळाडू होता तो.

"माल दाखय," राधाबाई म्हणाली.

वर्षालीने एकेकाचे फोटो पडद्यावर काढले. राधाबाई खुर्ची ओढून पुढे सरकली. पहिला होता एक देखणा, उंच रशियन.

"हो नको. जाळ्याकडे बघूचा सोडून फोटो काढणाऱ्याकडे बघता. दुसरो काढ."

दुसऱ्याची छाती भरदार होती. त्याच्याबद्दल तिने एवढंच विचारलं, की तो मागल्या वर्षी किती दिवस आजारी होता. वर्षालीने शोधलं. निम्मा हंगाम. राधाबाईने मान हलवली. मग चाळता चाळता एक बुटका, समोरचे दोन दात पडलेला माणूस आला. फिनलंडचा तोइवो रांताला.

"ह्यो कोणाचो?"

"ह्यो ग्रेगचो नाय, आये. ह्यो निकेतचो."

"ढोपरात वाकान उबो आसा बघ. होडी कितीय हलली तरी असो माणूस पडणा नाय. ह्यो होयो."

"पण आमका ग्रेगाक नाय म्हणाचा आसा," वर्षाली काकुळतीला आली. "हे येवन माका काय म्हणतले?"

"मी कबूल केलंय काय? नायच म्हणतंय मी. ग्रेगाक सांग, दुसरा गिरायक आसा."

"दुसरा कोणच नाय."

"लिव तू. येतला."

वर्षालीने आयुष्यात पहिल्यांदाच लेखी खोटं लिहिलं. ग्रेगने घाबरून सगळ्यांना एकदम विचारलं, की नील्सवर आणखी कोण बोलतंय. त्यामुळे नील्स विकायला निघालाय हे बाकीच्यांना कळलं. सहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पाच माणसं होती, आणि सव्वासहाला खुद्द निकेत आला.

"आये, आता बस झाला," वर्षाली म्हणाली. "तो माजो भाव."

"भाव करूचो म्हणानच तर बसलंय," राधाबाई म्हणाली. "विचार तेका, रांताला देतलो काय? आणि वयर काय घालता?"

निकेतला वाटत होतं समोर भावोजी आहेत. भावोजी कधी असे तोडून बोलत नसत, म्हणून तो आधी चक्रावला आणि मग हट्टाला पेटला. रांताला, आणखी दोन खेळते गडी, आणि वर एक गोलरक्षक, असं त्याने सहा पंचविसाला कबूल केलं. आता फक्त 'मान्य' वर दाबायचं होतं. वर्षालीने हात मागे घेतला.

"मी नाय दाबूचंय, आये. हेंका विचारल्याशिवाय नाय."

"खंय दाबूचा?" राधाबाईने विचारलं, आणि वर्षालीची नजर जिथे गेली तिथे बाण नेऊन चिंचेच्या बोटाने दाबलं.

गुरुदास सव्वासातला घरी आला. आल्या आल्या चपलांसकट कॉम्प्युटरपाशी गेला. त्याने आपली यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. मग पुन्हा वरून खाली.

"नील्स खंय आसा?" त्याने अगदी हळू विचारलं.

त्याने वर्षालीकडे पाहिलं. वर्षालीने सासूकडे पाहिलं.

"गेलो निकेतकडे," राधाबाई म्हणाली. "घरातल्याच माणसाक दिलंय."

गुरुदासने पायातल्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. जेवणाच्या पानावर त्याने आमटीत भात कालवला आणि तसाच ठेवला. "सोळा वर्सांचो होतो तेव्हापासून सांभाळलंय," एवढं तो म्हणाला, आणि हात धुवून उठला. त्याने ओरडाआरडा केला असता तर राधाबाईला चाललं असतं. ह्या गप्प बसण्याने ती कावरीबावरी झाली.

"गो, त्या पोराचो एवढो जीव होतो काय ह्याच्यार?" तिने वर्षालीला आत विचारलं.

"तेका हे कोण ताच ठावक नाय, आये."

राधाबाईने ते ऐकलं आणि मुलाचं पान झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेतचा फोन आला. ग्रेगने तक्रार केली होती. हे बोलणं कुबलचं नव्हे, कोणीतरी भाडोत्री जाणकार बसवलाय, असं त्याचं म्हणणं. नियमाप्रमाणे मालकाशिवाय दुसऱ्याने सौदा केला तर सगळ्यांचं मत घ्यायचं, आणि मत विरुद्ध गेलं तर सौदा रद्द.

"भावोजी, खरं सांगा, कोण होतं?"

गुरुदासला वाटलं, सुटलो. सौदा मोडेल, नील्स परत येईल.

"आये होती," तो म्हणाला.

"आपल्या आये?" निकेतने विचारलं. "मासळीबाजारातल्या?"

निकेतने ते जसंच्या तसं सगळ्यांना कळवलं. अडुसष्ट वर्षांच्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या, आईस हॉकी कधी न पाहिलेल्या बाईने सहा जणांना पाऊण तास झुलवलं, हे वाचून टोरांटोतल्या एका माणसाने म्हणे कामावर जायला उशीर केला. मतदान झालं. सौदा कायम राहावा असं नऊ जणांनी सांगितलं. विरुद्ध दोन मतं पडली, एक ग्रेगचं आणि दुसरं गुरुदासचं. निकेत तटस्थ राहिला.

मार्च महिनाभर गुरुदास आईशी कामापुरतं बोलला. रांतालाचं नाव तर तो तोंडातून काढत नसे. पण रोज सकाळी गुण बघावे लागत, आणि हा बुटका रोज काहीतरी करून ठेवी. कधी एक गोल, कधी दोन. गोलरक्षकही चालला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुदास अकरावा झाला, आणि एप्रिलमध्ये हंगाम संपला तेव्हा दहावा. त्याने तीनदा बेरीज करून पाहिली.

बारावा आला निकेत. त्याचे खेळते गडी मालवणात आले होते आणि उरलेल्यांपैकी दोघे जायबंदी झाले होते. नियम त्याने स्वतःच केलेला, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. निकेत आपणच काढलेल्या खेळातून बाहेर पडला. त्याचा संघ, नील्ससकट, कोणा नव्या माणसाला द्यायचा हे आता उरलेल्या अकरा जणांनी ठरवायचं होतं.

शनिवारी बाकीच्या दहा जणांचं पत्र आलं. वर्षालीने ते मोठ्याने वाचलं, मधे थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रिकामी जागा श्रीमती राधाबाई कुबल यांनी घ्यावी, अशी विनंती होती. सुचवणारा ग्रेग.

गुरुदासने पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. रात्रभर त्याला झोप लागली नाही, आणि रविवारी सकाळी तो आंघोळ करून, वही काखेत घेऊन आईसमोर येऊन बसला.

"आये, नील्स माका दी."

राधाबाई उन्हात आमसुलं पसरत होती. "मेल्या, कालच तर माका गावलो तो," ती म्हणाली. "तुज्याकडसून काय देतलंस?"

गुरुदासने वही उघडली आणि चार नावं वाचली, चारही सतरा वर्षांची. राधाबाईने चारही नावं नीट ऐकून घेतली.

"आणि तो बुटको?"

"रांताला?" गुरुदासने वही मिटली. "तेका मी देवचंय नाय. तेच्यामुळे तर मी रवलंय."

राधाबाईने हातातलं आमसूल उलटं करून ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"वर्षाली गो," ती म्हणाली, "टोरांटोत ह्या वेळाक कोण जागो आसा काय बघ."