एकशे एक नंबरचा मान

नव्या टेलिफोनवर आपला नंबर एकशे एकोणीस आणि फाटकावरच्या इसाहाकू बाबांचा एकशे एक, हे कळल्यावर मॅडम आफ्राकोमांनी समोरचा नाश्ता बाजूला सारला. घानामधल्या कुमासी शहरातल्या एका गाद्यांच्या कारखान्यात त्या प्रशासन प्रमुख होत्या. साहेबांच्या खालोखाल आपणच, ही त्यांची समजूत आजवर कुणी मोडली नव्हती.

"एकशे एक दरवानाला?" त्यांनी फोन बसवणाऱ्या सेलोर्मला विचारलं.

"मॅडम, नंबर मी फाटकापासून टाकत आलो. तुमची खोली सगळ्यात मागे येते."

"म्हणजे मी शेवटची?"

"तुम्ही नाही, खोली."

"खोलीत कोण बसतं मग?"

सेलोर्मने समजूत घालून पाहिली. नंबर सगळ्यांना कळवून झालेत, ड्रायव्हरांनी पाठसुद्धा केलेत, आता बदलले तर घोळ होईल.

"मग परत कळवा," मॅडम म्हणाल्या. "आधी बदला."

त्याने कॉम्प्युटरवर दोन नंबर उलटसुलट केले, कळवायचं सोमवारी बघतो म्हणाला, आणि गावी एका मयताला निघून गेला. कळवणं हे काही आपलं काम नव्हे, म्हणून मॅडमनीही ते केलं नाही.

दुपारी त्यांचा फोन वाजला.

"बाबा, फाटक उघडा. फोमचा ट्रक आहे."

"मी प्रशासन प्रमुख बोलतेय."

"बरं. मग प्रमुखबाई, फाटक उघडा."

मॅडमचा पारा चढला. त्यांनी फाटकाला फोन लावला, तर तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तेवढ्यात दुसरा ट्रक आला, मग तिसरा. बाहेर भोंग्यांचा असा गदारोळ उठला की समोर वाक्ये, म्हणजे चवळीभात, विकणारी बाई पातेली उचलून आत सरकली. शेवटी मॅडम उंच टाचांच्या चपलांनी आख्खं आवार तुडवत फाटकापर्यंत गेल्या, फोनला चिकटलेल्या बाबांना केबिनच्या खिडकीतूनच "उघडा" म्हणाल्या आणि परत आल्या. संध्याकाळपर्यंत असं इतक्या वेळा झालं की पायांना फोड आले. एका ड्रायव्हरने तर फोनवर बजावलं, "दरवान नवीन दिसताय. जरा चपळाई शिका."

पण नंबर परत द्यायचा म्हणजे मान खाली घालणं. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी त्यांना बोलावलं. शिवण विभागात माणूस नव्हता. गाद्या बांधणारे नव्हते. कॅन्टीनची बाईसुद्धा नव्हती.

"एवढ्या लोकांना रजा दिलीत?" साहेबांनी विचारलं.

"मी?" मॅडमचा आवाज चिरकला. रजा मागायला आलेल्याच्या घरचं माणूस खरंच मेलंय का, याची त्या उलटतपासणी घेत. त्यांच्याकडून असली खैरात होणं शक्य नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, रजेचे फोन कालपासून कुठे जात असतील ते. त्या तडक फाटकावर गेल्या.

"बाबा, लोकांना रजा तुम्ही दिलीत?"

इसाहाकू बाबा स्टुलावरून उठले. "फोन आला, मॅडम. म्हणे, घरी मयत आहे, जाऊ का? फाटकातून बाहेर जायचं विचारतायत असं मला वाटलं. जा म्हटलं. माणूस मेल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांनी विचारलं."

मॅडमना खूप बोलायचं होतं. पण पाय ठणकत होते, ऊन चढलं होतं, आणि मागे खोलीतला फोन वाजत असल्याचं त्यांना इथवर ऐकू येत होतं. त्या मुकाट्याने बाबांच्या स्टुलावर बसल्या आणि चपला काढल्या.

बाबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हीपण जा की घरी."

"मला रजा कोण देणार?"

"मी देतो. साहेबांना कोण वारलं म्हणून सांगू?"

मॅडमनी चपला हातात घेतल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या. "लांबची. पण सोमवारपर्यंत चालेल."